धार थांबते ती ओळ

लिहायला शिकवणाऱ्या कार्यशाळांना मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा छान जेवून आले. लिहिणं मात्र शिकले आमच्या पेठेच्या कोपऱ्यावर, म्हशीच्या शेपटीचे फटकारे चुकवत. हसू नका, खरं तेच सांगतेय.

त्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा दोनदा परत पाठवली होती. "भाषा सुंदर आहे, पण गोष्ट कुठाय?" असं विचारून त्यांनी सोमवारपर्यंतची शेवटची मुदत दिली. बँकेत नोकरी करत इतकी वर्षं चोरून लिहिणाऱ्या मला एकदा, फक्त एकदाच, छापून यायचं होतं. या वेळी नाही जमलं तर सगळ्या वह्या रद्दीत, असं मी घरात जाहीर केलं. घरच्यांनी लगेच रद्दीवाल्याचा नंबर शोधला. इतकी माझी कदर!

शनिवारी संध्याकाळी कागद पिशवीत कोंबून मी नेहमीसारखी दूध प्यायला गेले. आमच्याकडे संध्याकाळी म्हशीच रस्त्याकडेला येऊन उभ्या राहतात. समोर धार काढून फेसाळ पेला हातात मिळतो. त्या दिवशी रांग मोठी होती. धार काढणाऱ्या मामांनी पिशवीतून डोकावणारे कागद पाहिले.

"वैनी, कोर्टाचं काय हाय का?"

"न्हाय मामा, गोष्ट हाय. मी लिवलीया."

"मग वाचा की! नुसतं हुबं ऱ्हाऊन काय करतायसा?"

मी सुरू केलं. आजऱ्याच्या रानातलं धुकं. चार पानं नुसतं धुकं! मामांच्या हाताला खंड नाही, चुर्र चुर्र धार चालूच. एक पेला भरला, दुसरा भरला, तिसरा भरला. रांगेतला एक पैलवान भलीमोठी जांभई देऊन म्हणाला, "धुकं लई झालं, माणूस कवा येणार?" असा संताप झाला माझा! पण खोटं कशाला बोलू, वाचता वाचता मलाही कंटाळा आलाच होता.

पाचव्या पानावर एक साधी ओळ होती. दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली. काजूच्या कारखान्यात राबणारी एक आई लेकीच्या लग्नात आपली बोटं पदराखाली लपवते, कारण काजूच्या टरफलातल्या तेलानं ती काळी पडलीत आणि व्याह्यांना ती दिसायला नकोत.

धार थांबली.

मामा तसेच उकिडवे बसून माझ्याकडे बघत होते. "मग? लेकीनं बघितलं का न्हाय?"

"फुडं लिवलंच न्हाय, मामा."

"का?"

काय सांगणार? ती बोटं माझ्या आईची होती. लग्न माझं होतं. आणि मी बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं.

तेवढ्यात हात थांबला म्हणून म्हशीनं पान्हा चोरला. काही केल्या दूध देईना. रांगेत एकच गिल्ला झाला. "वैनी, आमचं दूध बंद पाडलासा की!" मामा म्हशीला चुचकारत होते, पैलवान मला झापत होता आणि मी हसत, डोळे पुसत, दूध न पिताच घराकडे पळत सुटले. चार पानं धुकं कात्रीनं कापलं. रविवारी त्या एका ओळीपासून कथा लिहून काढली आणि सोमवारी पाठवली.

लिहिणाऱ्यांनो, एवढं ऐका. वाचून दाखवायचं तर ज्याच्या हाताला काम आहे त्याला दाखवा. तो मान डोलावतो का, वाहवा करतो का, ते सोडा. त्याचे हात बघा. हात चालूच राहिले की तिथं कापा. थांबले की तिथंच ठाण मांडून बसा.

"घेतली," एवढंच संपादकांचं उत्तर आलं. मी बँकेच्या काउंटरमागे नाचले, शाखाधिकाऱ्यांसमोर.

अंक आला तसा घेऊन आजऱ्याला आईकडे गेले. ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. तांदळातली तिची बोटं थांबली. तेलाचे डाग आता गेलेत, नखं तेवढी अजून काळसर आहेत. मी त्यांच्याकडे बघितलं, या वेळी नीट बघितलं, आणि माझं वाचणं थांबलं.

"थांबलीस का?" आई म्हणाली. "वाच की फुडं."