अष्टमीला भरलेला चेक

बायको गेली त्याला वर्ष होईल. लोक येतात आणि सांगतात, फार गरीब स्वभावाची होती. खोटं आहे. ती गरीब बिरीब काही नव्हती. बोईसरच्या बँकेत तिनं काय केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही मुरबे गावचे कोळी, घरची एक होडी. बँकेनं होडीवर ओव्हरड्राफ्ट दिला होता. म्हणजे खात्यात पैसा नसला तरी ठरल्या हद्दीपर्यंत काढायचा, मासळी विकली की भरायचा. खातं दोघांच्या नावावर, पण भरणा तीच करी. मी चौथी शिकलो, ती तेवढीही नाही.

एकदा पासबुकात एकशे ऐंशी रुपये दंड लागून आला. तेव्हा तेवढ्यात होडीच्या दोन फेऱ्यांचं डिझेल यायचं. हद्द ओलांडली म्हणे. ती म्हणाली, "कशी ओलांडंल? व्यापाऱ्याचा चेक मी आधीच भरलाय." व्यापाऱ्याचं खातंही त्याच बँकेत, पैसे दुसऱ्या दिवशी जमा व्हायला हवे होते. पासबुकात ते आठवड्यानं जमा दिसत होते, आणि त्या आठवड्यातच डिझेलवाल्याचे पैसे गेले होते.

गेलो दोघं. साहेब घाटावरचा, नवा.

"पावती दाखवा."

तिनं कमरेच्या पिशवीतून काढली. मासळीच्या पाण्यानं शिक्का पार विरघळलेला, नुसता निळा डाग.

साहेब म्हणाला, "बाई, आमच्या खातेवहीत पंधरा तारीख आहे. तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

"तारीख मला ठाव नाय सायेब. मी अष्टमीला आले हुते."

साहेब हसला. आणि मी काय करावं? मीही म्हटलं, "अगं, विसरली असशील. चल, भरून टाकू."

तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडराकडं बोट केलं. "पंधराला काय हाय ते वाचा."

साहेबानं वाचलं. पौर्णिमा.

"मंग? पुनवेला उधाण. पाण्याला ओढ असती तवाच आमचं डोल जाळं भरतं. घरात मासळीचा ढीग पडतो. तो मी वाळत घालू, का तुमच्याकडं नटून येऊ? अष्टमीला भांग, पाणी मेलेलं, होडी किनाऱ्याला. बँकेत मी भांगातच येते. मागली सगली पानं बगा."

दाराशी बँकेचा शिपाई उभा होता, शेजारच्या सातपाटीचा, कोळ्यांतलाच. तो म्हणाला, "खरं हाय सायेब. उधाणात आमची बाई लग्नालाबी जायची नाय."

साहेबानं पासबुक मागं मागं उलटलं. एकेक तारीख कॅलेंडरावर बघत गेला. सप्तमी, अष्टमी, नवमी. पुनवेचा भरणा एकच, आमचा हा. मग त्यानं भरणा स्लिपांचा गठ्ठा मागवला. बँकेकडं राहिलेला अर्धा भाग त्यात टाचलेला असतो. आठ तारखेच्या गठ्ठ्यात आमची स्लिप निघाली, शिक्का ठसठशीत. कारकुनानं वहीत चढवायलाच आठवडा लावला होता.

कारकून म्हणाला, "कामाच्या गडबडीत राहून गेलं, मावशी."

"राहिलं तुमचं, आणि दंड आमाला? बरं हाय तुमचं!"

साहेबानं दंड परत करायचं कबूल केलं. पुढच्या महिन्यात जमा होईल म्हणाला. ती उठलीच नाही. "आत्ता लिवा. मी बसते." मासळीची पाटी पायाशी घेऊन बसली. पाटीचा वास सुटला होता. अर्ध्या तासात पासबुकात जमा लिहून मिळालं, खाली साहेबाची सही. सही तिनं मला वाचायला लावली.

परत येताना एस.टी.त तिनं एकच तिकीट काढलं. कंडक्टर म्हणाला, "आणि हे?"

"त्यांना इचारा. मी इसरते."

आख्खी गाडी हसली. मीही हसलो आणि माझं तिकीट काढलं. साहेब परका होता, त्यानं तिचा शब्द नाही मानला तर एकवेळ चालेल. मी वीस वर्षं तिच्याबरोबर उधाण-भांगाचं पाणी मोजत होतो. अष्टमी म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. पण बँकेची खुर्ची पाहिली आणि मी साहेबाच्या बाजूनं बोललो.

चुकलं माझं, हे मी तिला कधी म्हणालो नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नाही. फक्त त्यानंतर बँकेत ती एकटीच जायची.