दाईची चार वाक्यं

शालिकराम पराते कोराडीच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं फिटर होते, पण कॉलनीत त्यांना फिटर म्हणून कुणी ओळखलं नाही. सगळे म्हणत, पराते प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर वही घेऊन बसायचं आणि नट अडला की हळूच पुढचा शब्द पुरवायचा, हे त्यांचं खरं काम. गंमत अशी की एवढी वर्षं नाटकात काढून या माणसानं एकही नाटक पाहिलं नाही. प्रॉम्प्टरची नजर वहीवर असते. मान वर केली की ओळ हरवते. स्टेजवर कोण रडतंय आणि कोण मरतंय, हे त्यांना कानांनीच कळे.

हे काम त्यांच्या अंगात आलं ते बापाकडून. महाल वस्तीतल्या घरी हातमाग होता. सूत तुटलं की बाप विचार करत बसत नसे, लगेच गाठ मारून मोकळा होई. "जागा सुटली का लुगडं गेलं समज," असं तो म्हणे. पोराच्या ते इतकं हाडीमाशी भिनलं की समोरचा जरा अडखळला तरी पुढचा शब्द शालिकरामांच्या तोंडून बाहेर पडायचा. बँकेत, लग्नात, अगदी मयतीतसुद्धा. लोक आधी हसत आणि मग वैतागत.

कॉलनीच्या नाट्यमंडळाचं हुकमी नाटक एकच होतं, जुनी पाच अंकी शोकांतिका. तिला सगळे नुसतं 'राजाचं नाटक' म्हणत. त्यात राजाचा लेकीवर जीव, भावाचा बहिणीवर, सेनापतीचा राजकन्येवर, आणि सगळ्यांचा इतका की शेवटी कुणी जिवंत उरत नाही. राजाचं प्रेम हुकूम सोडणारं, भावाचं दाराआड उभं राहून ऐकणारं, सेनापतीचं लांबलचक भाषणं ठोकणारं. शालिकराम सांगत, सेनापतीला कधी प्रॉम्प्टिंग लागलं नाही. प्रेमाची भाषणं माणसाला बरोबर पाठ होतात! राहिली दाई. तिला अख्ख्या नाटकात चार वाक्यं: 'जेवून घ्या', 'अंगावर घ्या, वारं सुटलंय', 'दार मी लावते' आणि पाचव्या अंकात, राजकन्या विष पिऊन निजलेली असताना, 'पाणी तापलंय, बाई'. हेही प्रेमच होतं, पण त्याला टाळी कधी पडली नाही.

दाईचं काम शालिकरामांची बायको करायची, वच्छला. बायका मिळत नव्हत्या म्हणून तिला उभं केलं होतं. एका वर्षी नाटक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेलं. पाचव्या अंकात वच्छला हातात गडू घेऊन पलंगाशी आली आणि गप्प झाली. शालिकरामांच्या वहीत वाक्य होतं आणि कानात शांतता. एक, दोन, तीन. बापाचं लुगडं डोळ्यांपुढे आलं आणि त्यांनी वाक्य दिलं, चांगलं खणखणीत, आठव्या रांगेपर्यंत पोचेल असं. थिएटर हसलं. राजकन्यासुद्धा हसली म्हणे, मेलेली असून.

बक्षीस गेलं त्याचं वच्छलाला फारसं काही नव्हतं. परतीच्या बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "मी भुलली नव्हती, थांबली होती. पोरगी गेली हे दाईले कळलं होतं ना." त्यानंतर तिनं तोंडाला रंग लावला नाही. शालिकरामांना चूक कळली होती. पण आज नको, उद्या माफी मागू, असं करता करता तीस वर्षं निघून गेली.

दोन वर्षांपूर्वी वच्छलाला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि शब्द गेले. कळायचं सगळं, पण बोलायला गेली की वाक्य अर्ध्यात अडायचं. "मले... मले..." की शालिकराम हजर. "चहा?" ती मान हलवी. "पंखा?" ती मान हलवी. बोलायला शिकवणाऱ्या बाई दर खेपेला बजावत, "काका, शब्द तुम्ही देऊ नका, त्यांना वेळ द्या." शालिकराम हो म्हणत आणि घरी येऊन तेच करत. एकदा तर दोन कप चहा पाजून झाल्यावर त्यांना कळलं की तिला खिडकी उघडून हवी होती. पुढे पुढे वच्छला नाही म्हणायचाही कंटाळा करू लागली. मिळेल त्या शब्दाला मान डोलवी आणि भिंतीकडे तोंड करी.

तिला वेळ द्यायचा म्हणजे आपल्याकडे तो हवा, आणि शालिकरामांकडे त्राणच उरलं नव्हतं. सक्करदऱ्याच्या त्या दोन खोल्यांत सकाळी उठून पाणी तापवायचं, तिला आंघोळ घालायची, वेणी घालायची, भात मऊ करून भरवायचा, चादरी धुवायच्या. वय बहात्तर. गेल्या महिन्यात न्हाणीत तिला उचलताना त्यांचाच पाय घसरला, मनगट दुखावलं. तासभर दोघं ओल्या फरशीवर तशीच बसून होती, शेजारच्या सुशीलनं दार वाजवेपर्यंत. कधी कधी त्यांच्या मनात येई, हे सगळं आता संपावं. आणि असं मनात आलं म्हणून दिवसभर त्यांना बायकोच्या नजरेला नजर देववत नसे.

मनगटाचं ऐकून मुलगी हर्षा अमरावतीहून आली. दुपारची जेवणं झाल्यावर तिनं विषय काढला.

"बाबा, आईले मी घेऊन जाते. बोलणं शिकवणारं सेंटर आमच्या घराजवळच हाय. पण घरात सासू-सासरे, पोरं. एकच खाट मावते. तुम्ही येत जा भेटाले."

"किती दिवस?"

हर्षा बोलता बोलता अडली.

"कायमची?" शालिकरामांनी शब्द दिला. हर्षानं मान खाली घातली.

"नाही जमत," ते म्हणाले. "काहून नेतं तिले? मी करून राहिलो ना सगळं?"

"हाताले पट्टी बांधून करून राहिले! तुम्ही नका सांगू. तिलेच विचारू."

ती खाटेशी जाऊन बसली. "आई, तुले कोठी राहाचं हाय वं? इथं, का माह्यासंग?"

"मले..." वच्छला म्हणाली आणि थांबली.

'इथंच.' शब्द शालिकरामांच्या जिभेवर येऊन बसला. तो नुसता द्यायचा अवकाश, वच्छला मान हलवणार, हर्षा संध्याकाळच्या बसनं परत जाणार. तिच्यावाचून हे घर त्यांना नको होतं. एक, दोन, तीन.

हातात वही नव्हती म्हणून की काय, त्यांची मान वर झाली. वच्छला भिंतीकडे पाहत नव्हती, हर्षाकडेही नव्हती. ती त्यांच्या मनगटाच्या पट्टीकडे पाहत होती, मग त्यांच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे, मग पुन्हा पट्टीकडे. ही अडलेली नाही, थांबली आहे, हे त्यांना पाहूनच कळलं. तीस वर्षांपूर्वी पाहिलं असतं तर तेव्हाही कळलं असतं. त्यांनी खालचा ओठ दातांखाली घट्ट धरला.

बराच वेळ गेला. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. हर्षा काही बोलणार तोच शालिकरामांनी हातानं तिला गप्प केलं.

"मले... जाऊ द्या," वच्छला म्हणाली. ती त्यांनाच सांगत होती. "तुम्ही... थकले."

दोन वर्षांत तिनं स्वतः पुरं केलेलं ते पहिलं बोलणं. शालिकरामांना आधी सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटलं याचंच इतकं रडू आलं की हर्षानं उठून त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीची बस साडेनऊला होती. शालिकरामांनी नेहमीसारखं पाणी तापवलं आणि गडू घेऊन खाटेशी आले. वच्छला जागीच होती. तिला उठवायचं 'पाणी तापलंय' हे वाक्य रोजचंच होतं, गेली दोन वर्षं रोज सकाळी म्हटलेलं. पण आज ते त्यांना म्हणवेना. ते गडू धरून तसेच उभे राहिले.

वच्छलाला ते वाक्य केव्हापासून पाठ होतं. तिनं ते दिलं नाही. ती त्यांच्याकडे पाहत वाट बघत राहिली.