दहा फुगे आणि मेव्हण्याची दाढी

डॉक्टरांनी दादांना कामावर जायला परवानगी दिली, तरी दाढी-कटिंगच्या दुकानाची किल्ली बायकोच्या कमरेलाच होती.

"आधी दहा फुगे," तिने दादांना बजावलं. "एकामागून एक. एकही फुटता कामा नये."

ही परीक्षा दादांनीच काढलेली होती. चाळीस वर्षांत जो कारागीर त्यांच्या हाताखाली आला, त्याने आधी फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो असा उतरवायचा, की फुग्याला पत्ताही लागू नये. दहा फुगे सलामत राहिले, की मगच गिऱ्हाइकाच्या गालाला हात.

पाच महिन्यांपूर्वी दादांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. हात व्यायामाने बराचसा परत आला. शब्द मात्र तिसऱ्या घंटेनंतर आलेल्या प्रेक्षकांसारखे उशिरा, धडपडत यायचे. ज्या तोंडाला कधी कुलूप माहीत नव्हतं, ते लाजेने बंद झालं.

रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तालीम चाले. चार-पाच फुगे झोकात पार पडत. मग मनगटात कंप शिरे आणि फट्! दादांच्या भुवयांवर फेस, बायकोची बोटं कानांत. भिंतीपलीकडून शेजारीण विचारी, "आज सहावा का हो?"

"दुकान... देऊन टाकू कुणाला," एक दिवस दादा कसेबसे म्हणाले.

बायकोने आपल्या भावाला बोलावून घेतलं.

मेव्हणा आला तो छातीपर्यंत दाढी घेऊन. पाच महिने त्याने दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू दिला नव्हता. चहाचा कप घेऊन तो समोरच ठाण मांडून बसला.

"काय दाजी, फुग्यांचा धंदा काढलात म्हणे?"

दादांनी वस्तरा थांबवला नाही. "तु... तुझं तोंड बघून सुचला. नुसती हवा."

"एवढं बोलेपर्यंत माझी दाढी बोटभर वाढली!"

"वाढू दे. चेहरा झा... झाकला जातो. तुझ्या लग्नात तासभर घासलं तुला. तरी तुझी सासू फोटोवाल्याला म्हणाली, नवरदेवाला जरा मागे उभं करा!"

शब्द अडखळत होते, पण येत होते. आणि फुगे? सहा, सात, आठ. बायको ओट्याशी उभी राहून मनातल्या मनात मोजत होती, दूध उतू गेलं तरी तिला भान नव्हतं. तिच्या एकदम ध्यानात आलं. हा हात चाळीस वर्षांत कधी एकटा चाललाच नव्हता, जिभेच्या साथीनेच चालला होता. फुग्याशी बिचारा काय बोलणार?

नऊ झाले. दहाव्याला मेव्हण्यानेच श्वास रोखला. खोलीत सगळं चिडीचूप. दादांचं मनगट थरथरू लागलं.

"अरे, बोल ना!" बायको ओरडली.

मेव्हण्याने तोंड उघडलं, पण जन्माचा बडबड्या ऐन वेळी संवाद विसरला. वस्तऱ्याचं पातं फुग्यावर नाचू लागलं. तेव्हा तीच कमरेवर हात ठेवून पुढे झाली.

"अहो, चाळीस वर्षांत माझ्या भावाशी एकदा तरी सरळ बोललात का?"

"तो आधी सरळ... बसू दे!" दादा म्हणाले, आणि शेवटचा फेस अलगद उतरला. फुगा नुकत्याच न्हालेल्या बाळासारखा चकचकीत!

मेव्हण्याने टाळ्या पिटल्या. बायकोने किल्ली टेबलावर ठेवली, पदराने डोळे पुसले आणि विचारलं, "पहिलं गिऱ्हाईक कोण?"

नवरा-बायको दोघंही मेव्हण्याकडे बघू लागली. टाळ्या थांबल्या.

"दाजी," तो चाचरत म्हणाला, "आणखी दहा फुगे असतील ना घरात?"

तासाभराने दुकानाचं दार उघडलं. खुर्चीवरची धूळ झटकली गेली, आधी कात्रीने जंगल उतरलं, मग फेस चढला. मेव्हण्याने मान मागे टाकली, डोळे घट्ट मिटले आणि खुर्चीचे हात पकडले. गळ्याला वस्तऱ्याचा गारवा लागला.

"बोला दाजी," तो ओठ न हलवता पुटपुटला. "माझी सासू काढा, माझं तोंड काढा, काय वाट्टेल ते बोला. पण देवाशपथ, गप्प बसू नका!"