दाजींनी देऊन टाकलेली गाडी

दाजी गेल्याचा फोन लातूरहून त्यांच्या शेजाऱ्यांनी केला. सकाळचे दहा वाजले असतील, मी नांदेडला घरी मटकी निवडत बसलो होतो. "सर खुर्चीतच गेले," एवढंच ते म्हणाले. मी फोन ठेवला आणि उरलेली मटकी निवडून मग उठलो. रडू त्या दिवशी आलं नाही. आधी अक्काचं आजारपण, मग तिचं जाणं, आणि आता हे... आता दीड महिना झाला, तरी तो थकवा उतरलेला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. भूकंपाच्या आधी निलंग्याच्या बाजूला एका खेड्यात ते मास्तर होते. नंतर लातूरला येऊन क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागले. गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला लातूरला येऊ लागली, गल्लीगल्लीत खोल्या भाड्यानं गेल्या, आणि दाजी गळ्यात माइक अडकवून तीन-तीनशे मुलांना शिकवू लागले. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. ते क्लासमधून निवृत्त झाले आणि अक्काच्या किडन्या निकामी झाल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. रिक्षाच्या धुरानं, हादऱ्यांनी तिला उलट्या व्हायच्या, म्हणून दाजींनी कुणाची तरी वापरलेली, विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. अक्का मागच्या सीटवर आडवी व्हायची आणि म्हणायची, "घरातच पडल्यासारखं वाटतंय बघ." घर ते दवाखाना, याखेरीज ती गाडी फारशी कुठे गेलीच नाही.

अक्का गेल्यावर मी म्हणालो, विकून टाका. "विकायची न्हाई," दाजी म्हणाले, "पेशंट नेणाऱ्या कुणाला तरी द्यायची." पण द्यायलाही किती चकरा! एका संस्थेनं सांगितलं, गाडी नको, विकून देणगी द्या. दुसऱ्यांनी विचारलं, चार्जिंग कुठं करायचं? बॅटरीही थकलेली, एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटरच्या आतच. शेवटी नांदेडमध्ये डायलिसिसचं केंद्र चालवणारा एक ट्रस्ट तयार झाला. शहरातले आणि विष्णुपुरीकडचे पेशंट आणायला-सोडायला तेवढं अंतर पुरेसं होतं. कागदपत्रांना तीन महिने लागले.

गाडी पोचवायला दाजी स्वतः निघाले. मी सोबत होतो. एका दमात नांदेड गाठता येणार नव्हतं. अहमदपूरला एका लहानशा दवाखान्यासमोर थांबून मी आत जाऊन चार्जिंगसाठी विनंती केली, तर तिथले डॉक्टरच बाहेर आले आणि दाजींच्या पाया पडले. "सर, मी तुमचा विद्यार्थी. दोन वर्षं दुसऱ्या बाकावर बसत होतो." त्यांनी एसीच्या प्लगला वायर जोडून दिली, व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या. दाजी त्यांच्याकडे बघत राहिले. ओळख पटत नव्हती. डॉक्टर हसून म्हणाले, "सर, तुम्ही नाव कधी घेतलंच नाही कुणाचं. मी आपला 'निळा शर्ट' होतो." आणि ते पेशंट बघायला आत गेले.

गाडी चार्ज व्हायला दुपार गेली. मध्येच दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "भूकंपानंतर तहसिलीतला माणूस शाळेची हजेरी मागायला आला. वही ढिगाऱ्यात. मला नावं पाठ होती. मी एकेक नाव सांगत गेलो अन् तो विचारत गेला, हाय का गेला... हाय का गेला... त्याच्यानंतर कुण्या लेकराचं नाव पाठ करायची हिंमत झाली न्हाई."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. "अक्काला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तिला सांगायची गरजच पडली न्हाई."

निघताना दाजी दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना म्हणाले, "तुमचं नाव सांगा बरं." डॉक्टरांनी गावासकट पूर्ण नाव सांगितलं. दाजींनी ते एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं.

नांदेडला ट्रस्टनं हारतुऱ्यांची तयारी केली होती. दाजींनी हार नाकारला. किल्ली दिली, चार्जरची वायर कशी गुंडाळायची ते ड्रायव्हर गफूरभाईंना दोनदा दाखवलं, आणि संध्याकाळच्या एसटीनं लातूरला परतले. गाडीकडे त्यांनी वळून पाहिलं नाही, मला वाटलं, सुटले एकदाचे.

तसं नव्हतं. दाजी वारल्यावर गफूरभाई भेटले तेव्हा कळलं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सरांचा फोन ठरलेला असायचा. सुरुवातीला नुसतं विचारायचे, गाडी निघाली का? पुढं पुढं विचारायला लागले, आज कोण कोण बसलं? गफूरभाई म्हणाले, "मंगळवारी अजून बी हात फोनकडंच जातो, साहेब."

परवा मंगळवार होता. दुपारी काही सुचेना, तेव्हा मीच त्यांना फोन लावला. लावला खरा, पण बोलावं काय? गफूरभाईंना ते कळलं असावं. "सरांना सांगायचो तसं सांगू का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो.

"आज तिघं हायत. विष्णुपुरीच्या गंगाबाई. पोस्टातले कुलकर्णी. अन् एक नव्या बाई, कंधारच्या, लेकीकडं राहायल्यात सध्या. त्यांचं नाव इचारलं न्हाई अजून."

"विचारा," मी म्हणालो, "मी फोन धरून ठेवतो."