गळ्यापर्यंत भरलेली टाकी

मामांना चापट बसली तेव्हा मी गॅरेजच्या दारात बाकड्यावर बसून एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते. टायर फुटल्यासारखा आवाज झाला. मान वर केली, तर मामांचा चष्मा जुन्या ऑइलच्या ट्रेमध्ये पडला होता आणि मामा गालाला हातही न लावता उभे होते. समोर पिवळ्या स्पोर्ट्स कारचा मालक. लातूरचा, मामांच्या निम्म्या वयाचा. त्याच्यामागे जीपमधून आलेली चार माणसं. त्याला सगळे 'दादा' म्हणत.

"कंपनी तेराचं ॲव्हरेज सांगते," तो म्हणाला. "चाळीस लिटरची टाकी. पाचशे किलोमीटर जायला पाहिजे. मी फुल टाकी तुझ्याकडं सोडली, क्लच टाकून झाल्यावर घेऊन गेलो. लातूरला गेलो, वापस आलो, तर नांदेडच्या अलीकडं गाडी बंद. अर्धी टाकी कुणी पिली मिस्तरी?"

"तुमच्या पायानं पिली," मामा म्हणाले. "दीडशेनं पळवली की ती सात देती. ऐंशीनं चालवा, तेरा देईल. ऐंशीच्या पुढं गाडी रस्ता कापत न्हाई दादा, वारं कापती. वाऱ्याला लई पेट्रोल लागतं."

"चोर बी शिकवून राहिला बघा," जीपमधला एक जण म्हणाला. सगळे हसले. आमचे तीन कारागीरही, भीतीनं का होईना, हसले. मला चापटेपेक्षा ते जास्त लागलं.

मला अक्षरओळख पत्रकांवर झाली. वडील गिरणी कामगार, हमाल, शेतमजूर, ज्यांचं कुणी छापत नाही त्यांची पत्रकं लिहीत. घरात पाटी नव्हती, पण पत्रकांच्या कोऱ्या मागल्या बाजू ढीगभर होत्या. वडील सांगत, "विशेषण खोडून टाक. काय घडलं ते लिही, सगळं लिही." ते गेल्यावर आई मला घेऊन तिच्या भावाकडे आली आणि मी या गॅरेजात वाढले. दुरुस्त झालेल्या गाड्यांची ट्रायल मी घ्यायची, हे सोळाव्या वर्षापासूनचं काम. लायसन्स नंतर आलं.

त्या दुपारी मी तिथल्या तिथे प्रूफाच्या मागे मथळा लिहिला : 'मिस्तरी चोर नाही'. मामांनी तो वाचला, कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

"वाटू नको," ते म्हणाले. "नांदेडातले लोक पत्रक वाचतील, आन् म्हणतील, आग न्हाई तर धूर कुठून आला. ॲव्हरेज काढू."

ॲव्हरेज काढायची आमची रीत सगळ्यांना माहीत आहे. टाकी फुल करायची, चालवायचं, पुन्हा फुल करायची. दुसऱ्यांदा जेवढं बसलं तेवढं जळलं. ठरलं असं : जाताना लातूरपर्यंत दादा त्याच्या चालीनं चालवेल आणि मी शेजारी बसेन. येताना ऐंशीनं मी चालवेन आणि तो शेजारी बसेल. मामांच्या चष्म्याची एक काच तडकली होती, आणि दादा म्हणाला होता की चोराच्या हातात चावी देणार नाही. येताना तेरा निघाले तर दादानं याच जागी, याच लोकांसमोर मामांची माफी मागायची. नाही निघाले तर मामांनी 'मी पेट्रोल काढलं' असं म्हणायचं आणि शटर कायमचं ओढायचं.

"ताईला भ्या वाटलं तर?" दादानं विचारलं.

"तर तुमच्या गाडीत ओकेन," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूर रोडवरच्या पंपावर मामांनी स्वतः टाकी भरून घेतली. टाकी भरत आली की नळी आपोआप बंद करणारा खटका पडला, तसं पंपावरच्या माणसानं नळी काढायला हात घातला. मामा म्हणाले, "थांब, हवा काढू दे." त्यांनी कारागिरांना दोन्ही बाजूंनी गाडी हलवायला लावली, जशी आपण मोटारसायकल हलवतो. बुडबुडे वर आले. पुन्हा भरलं, पुन्हा हलवलं. पेट्रोल तोंडाशी येऊन चमकायला लागलं तेव्हाच मामांनी झाकण लावलं. "आता कुणी बोट दाखवू शकत न्हाई," ते म्हणाले. आमच्या गॅरेजात टाकी फुल म्हणजे गळ्यापर्यंत फुल. चाळीस वर्षं मामा तशीच भरत आले आहेत.

जाताना काय झालं ते मी विशेषणांशिवाय लिहिते.

गाव संपायच्या आत काटा एकशे वीसवर होता. पुढं एकशे पंचावन्न. सीट इतकी खाली होती की ट्रकची चाकं माझ्या कानाच्या उंचीला फिरत होती. लोह्याच्या अलीकडे एक तांबडं कुत्रं दुभाजकावरून उतरलं. दादानं ब्रेकला पाय लावला नाही. खालून एक ठोका आला, मग दुसरा, मागच्या चाकाचा. काचेच्या कोपऱ्यावर तीन थेंब वर चढत गेले. त्यानं वायपर लावला. थेंबांची एक फिकट कमान झाली आणि ती लातूरपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर राहिली.

"थांबवा," मी म्हटलं.

"थांबलं की ॲव्हरेज बिघडतं. तुझ्या मामाला विचार."

अहमदपूरच्या पुढे एक माणूस मोटारसायकलवर मागे दोन पोती बांधून डाव्या कडेनं चालला होता. आम्ही त्याच्या हँडलपासून हातभर अंतरावरून गेलो. मी वळून पाहिलं. वाऱ्याच्या झपाट्यानं त्याची मोटारसायकल हेलपाटली, पोती एका बाजूला गेली, माणूस मातीत गुडघ्यावर.

"पडला तो," मी ओरडले.

"पडला न्हाई. उतरला," दादा म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर स्टिअरिंग बडवत हसला.

तेव्हा माझ्या मनात आलेली गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मला वाटलं, हँडब्रेक ओढावा. दोघंही जाऊ, पण हा जाईल. माझा हात तिथवर गेलाही होता. आयुष्यभर हिंसेविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाची मी मुलगी, आणि मला त्या हाताला ओढून परत मांडीवर ठेवावं लागलं.

लातूरच्या पंपावरचा माणूस घाईत होता. त्यानं नळी घातली, खटका पडला, नळी काढली. सोळा लिटर. मीटरवर एकशे चाळीस किलोमीटर. दादानं मोबाइलवर भागाकार केला.

"पावणेनऊ," तो म्हणाला. "दीडशेनं मारून पावणेनऊ. तुझा मामा सात म्हणला होता. एक खोटं तर इथंच पकडलं."

मामांचा अंदाज असा दीड-पावणेदोननं चुकत नाही. त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळतं. पण आकडा समोर होता आणि तो कुठे चुकतोय हे मला दिसत नव्हतं. मला दिसायला हवं होतं. खटका माझ्या कानांनी ऐकला होता.

परत येताना मी काटा ऐंशीवर धरला आणि पाय हलवला नाही. ती गाडी ऐंशीला गुरगुरत होती, बांधलेल्या जनावरासारखी. मागून दादाच्या माणसांची जीप आली. तिनं आमच्या बंपरपासून वीतभर अंतर ठेवलं आणि हॉर्न दाबला तो सोडलाच नाही. चाकूरपासून शिरूर ताजबंदपर्यंत तो हॉर्न माझ्या मानेत घुसत होता. एकदा जीपनं मागून हलकेच धक्का दिला. स्टिअरिंग हातात उडालं. मी काट्याकडे पाहिलं. ऐंशी.

"थोडं दाब की," दादा म्हणाला. "माणसं हसून राहिली." मग त्यानं एसी पूर्ण वाढवला आणि दोन्ही काचा खाली केल्या.

मी एसी बंद केला. त्यानं माझं मनगट धरलं. बांगडी नव्हती, घड्याळ होतं. त्याचा पट्टा कातडीत रुतला. "माझी गाडी हाय," तो म्हणाला.

मी गाडी कडेला घेतली आणि चावी काढली. "हात सोडा. मी इथून चालत जाते. नांदेडात सांगते, दादा एसी लावून जिंकले."

जीप आमच्या शेजारी येऊन थांबली. त्याची माणसं बघत होती. त्यानं हात सोडला आणि काचा वर केल्या. माझ्यामुळे नाही, त्या माणसांमुळे. लोह्याच्या पुढे पलीकडच्या रस्त्यावर कावळे बसले होते. मी तिकडे पाहिलं, त्यानं मोबाइल पाहिला.

नांदेडच्या पंपावर मामा, कारागीर आणि आजूबाजूचे बरेच दुकानदार जमले होते. मीटरवर पुन्हा एकशे चाळीस. नळी घातली. खटका पडला. मी आकडा बघायला वाकले, तेवढ्यात मामा म्हणाले, "थांब, हवा काढू दे."

मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. कारागीर गाडी हलवायला लागले होते, दादाची माणसंही हसत हसत मदतीला आली. आकडा चढत गेला. बारा. तेरा. पेट्रोल तोंडाशी चमकलं तेव्हा बरोबर चौदा लिटर.

"दहा," दादा म्हणाला. "दहाचं ॲव्हरेज. मिस्तरी, शटर."

मामांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ते आकड्याकडे बघत होते, आणि मला कळलं की ते स्वतःवर शंका घेत आहेत.

"मामा," मी म्हटलं, "लातूरला हलवली नव्हती. खटक्यावर थांबवली होती."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एका क्षणात कळलं. इथून गळ्यापर्यंत भरून निघालो, तिथे खटक्यापर्यंतच भरलं, म्हणून जाताना जळलेलं कमी दिसलं. तिथून खटक्यावर निघालो, इथे पुन्हा गळ्यापर्यंत भरलं, म्हणून येताना जास्त दिसलं. मामांच्या प्रामाणिक सवयीनं दोन्ही आकडे दादाच्या बाजूला सरकवले होते. मी हे सगळ्यांना मोठ्यानं समजावून सांगितलं. दुकानदारांनी माना डोलावल्या. दादा म्हणाला, "बोलून काय होतं? सबूत दाखव."

"दाखवतो," मामा म्हणाले.

त्यांनी गॅरेजातून नळी आणि लिटरच्या मोकळ्या बाटल्या मागवल्या. पंपावरचा माणूस नको नको म्हणत होता, पण आता ऐकणारं कुणी नव्हतं. मामा टाकीपाशी बसले, नळी आत सोडली, दुसरं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. एका ओढीत पेट्रोल आलं. बोट लावून धार थांबवली, बाटली खाली धरली, बोट काढलं. एक थेंब सांडला नाही. प्रत्येक बाटलीनंतर पंपावरचा माणूस पंपाची नळी घालून बघायचा. खटका लगेच पडायचा. तीन बाटल्या भरल्या. चौथी निम्मी झाली तेव्हा खटका पडला नाही, पेट्रोल सरळ आत जायला लागलं. त्यानं लगेच नळी बंद केली.

चौदातून साडेतीन गेले. साडेदहा. एकशे चाळीसला साडेदहानं भागलं तर तेराच्या वर.

मामा उठले, बाजूला जाऊन थुंकले, पुन्हा थुंकले. त्यांच्या ओठांवर पांढरं उमटलं होतं. ते येऊन दादासमोर उभे राहिले आणि वाट पाहू लागले.

दादानं त्या साडेतीन बाटल्यांकडे पाहिलं. मग लोकांकडे वळून म्हणाला, "हिशोब बरोबर हाय. माफी मागतो की. पण बघितलं का हात? एका ओढीत. हे काय आजचं काम हाय?"

हशा झाला. आमचा एक कारागीरही हसला. जे लोक आत्ता माना डोलावत होते, तेच आता मामांच्या हातातल्या नळीकडे बघत होते.

मी मारलं. उघड्या हातानं, डाव्या गालावर, जिथे त्यानं मामांना मारलं होतं तिथे. मग दुसऱ्यांदा, मूठ वळून, नाकावर. रक्त त्याच्या शर्टावर आलं आणि पिवळ्या बोनेटवर. तिसऱ्यांदा मी नळीसोबत आलेल्या हत्यारांतल्या व्हील पान्याकडे वळले होते. मामांनी मला मागून कवेत धरून उचललं. माझे पाय जमिनीला लागत नव्हते आणि मी अजून हवेत मारत होते. दादाच्या माणसांनी मामांना पाठीत दोन लाथा घातल्या. मामांनी मला सोडलं नाही. मग दुकानदार मध्ये पडले.

दादा नाक धरून गाडीत बसला. काच खाली करून म्हणाला, "फिटलं मिस्तरी. आता माफी कसली?" आणि गेला. पहिल्याच गिअरमध्ये इंजिन किंचाळलं. पुढच्या वळणापर्यंत तो किती पेट्रोल जाळणार होता ते मामांना कळलं असणार.

गॅरेजात आल्यावर मामांनी मीठ घालून चूळ भरली. मी त्यांच्या पाठीला तेल चोळत होते.

"मामा, शटर ओढायची गरज नाही," मी म्हटलं.

"हाव, गरज न्हाई." त्यांनी चुळीचा तांब्या खाली ठेवला. "तो मागणार होता पोरी. हसत का होईना, चार लोकांत मागणार होता. शब्द तोंडातून निघाला होता त्याच्या. तू तो वापस आत ढकलला." मग म्हणाले, "माझ्या गालाचं मला बघू द्यायचं होतं."

मामांच्या तोंडातला पेट्रोलचा वास चार दिवस गेला नाही. चहा प्यायला बसले की कप तसाच बाजूला सारायचे. लोक अजूनही दोन गोष्टी सांगतात : मिस्तरीची भाची लई तापट हाय, आणि मिस्तरी एका ओढीत पेट्रोल काढतो. ॲव्हरेज किती निघालं ते कुणी सांगत नाही.

त्यांच्या खिशातला मथळ्याचा कागद मी मागून घेतला. बरेच महिने तो पुढे गेला नाही. 'मिस्तरी चोर नाही' एवढं लिहून पुढची प्रत्येक ओळ दादाविरुद्ध लिहिणं सोपं होतं, आणि ते पत्रक मी तीनदा लिहून फाडलं. त्यात माझी मूठ नव्हती. हे त्याच कागदावर त्या मथळ्याखाली सुरू केलं आहे. यात ती मूठ आहे.