हात सोडून पळालेली मुलगी

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. त्याला माझ्या माहेरची सगळी भांडणं ठाऊक आहेत, कोणती काकू कोणाशी का बोलत नाही तेही ठाऊक आहे — पण हे नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही मधे बोलत नाही, म्हणून असेल.

रेवा, माझी एकुलती एक लेक, इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावातल्या कम्युनिटी कॉलेजला जाते. क्रिमिनल जस्टिस शिकते — म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग हे सगळं कसं चालतं, त्याचा अभ्यास. तिला पोलिसात जायचंय. आता आमच्या इथल्या मराठी मंडळात कोणाचा मुलगा कॉम्प्युटरला, कोणाची मुलगी मेडिकलला. तिथे हे सांगितलं की लोक समोसा हातात धरून क्षणभर थांबतात, आणि मग म्हणतात, "अरे वा!" नवरा तर महिनाभर तोंड फुगवून होता. मी मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूने. भांडले हो मी तिच्यासाठी! एक मैत्रीण म्हणाली, तुझ्यासारखी आई मिळायला भाग्य लागतं. मी हसले. दुसरं काय करणार?

पोलीसच का, असं कोणी विचारलं की रेवा एक गोष्ट सांगते. कॉलेजात पहिल्याच दिवशी वर्गासमोर सांगून आली. सहा वर्षांची असताना ती म्हणे फार अवखळ होती. आईचा हात सोडून पळाली, मोठा रस्ता ओलांडून हरवली, आणि एका पोलीस बाईंनी तिला गाडीत बसवून घरी आणलं. त्या बाई गुडघे टेकून तिच्या उंचीच्या झाल्या आणि तिच्याशी बोलल्या. तिला तसं व्हायचंय.

गोष्ट छान आहे. पोलीस बाई खऱ्या आहेत. रस्ता खरा आहे. पण —

सांगते. जरा दम घेऊ द्या.

तेव्हा आम्ही इथे नवीन होतो. नवरा ऑफिसात. मी त्याची बायको म्हणून आलेले, त्या व्हिसावर काम करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. दिवसभर घरात मी आणि पोर. हे मी सबब म्हणून सांगत नाही — म्हणजे, सांगतेच आहे बहुतेक. सोडा ते. एका दुपारी मी तिला आमच्या बिल्डिंगखालच्या घसरगुंडीपाशी नेलं. म्हटलं, इथेच खेळ, हलायचं नाही, मी आलेच. आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीकडे गेले. ती नुकतीच पुण्याहून आली होती. तिने चहा टाकला, बाकरवडीचं पाकीट फोडलं, बॅगेतून नव्या साड्या काढल्या, आणि सासूच्या अशा काही नकला केल्या की मी पोट धरधरून हसले. किती दिवसांनी! आणि पोर खाली एकटी आहे हे मी विसरले होते का? नाही ना. तेच तर. लख्ख आठवत होतं — आणि तरी मी अजून अर्धा कप घेतला.

खाली आले तर घसरगुंडी रिकामी.

मला शोधायला निघाली होती, माझं पिल्लू. मी कोणत्या दारातून आत गेले ते तिला कुठलं कळायला? चालत चालत मोठ्या रस्त्यापलीकडे पेट्रोल पंपापर्यंत पोचली. पंपावरच्या माणसाने पोलिसांना फोन केला. गाडी आली तेव्हा मी पार्किंगमध्ये वेड्यासारखी हाका मारत फिरत होते. पोलीस बाईंनी शांतपणे विचारलं, काय झालं होतं? माझी तर पाचावर धारण बसली. इथे मुलांना एकटं सोडलं तर सरकार त्यांना आईबापांकडून काढून घेतं, असं ऐकलं होतं. व्हिसाचं काय होईल? नवरा काय म्हणेल? आणि मी म्हणाले — हात सोडून पळाली. फार द्वाड आहे.

रेवा रडता रडता थांबली. माझ्याकडे बघितलं तिने. मग त्या बाईंकडे वळून हो म्हणून मान हलवली.

संध्याकाळी नवऱ्यालाही तेच सांगितलं. तो तिला खूप रागावला, आणि मी रागावू दिलं. फोनवर तिच्या आजीला सांगितलं. पुढे पुढे तर पाहुण्यांसमोर हसत हसत, कौतुकाने सांगायला लागले. खोट्याने चांगलं बाळसं धरलं. ती माझ्या मांडीवर बसून ऐकायची आणि लाजायची.

गेल्या आठवड्यात मी पोळ्या करत होते आणि रेवा ओट्याला टेकून उभी होती. आज वर्गात लहान मुलांच्या साक्षीबद्दल शिकवलं, म्हणाली. मोठ्यांनी एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली ना, की मुलांना ती खरंच घडल्यासारखी आठवायला लागते. म्हणून मुलाला आधी बोलू द्यायचं. तवा तापला होता, लाटलेली पोळी माझ्या हातात तशीच. चोराच्या मनात चांदणं — वाटलं, कळलं हिला. आता विचारणार. आणि खरं सांगू? बरं वाटलं मला. विचार गं बाई, एकदाचं विचार.

"बट माझं तसं नाहीये," ती म्हणाली. "मला क्लिअरली आठवतंय. मी तुझा हात झटकला, आणि तुझ्या बांगड्या वाजल्या."

बांगड्या मी तेव्हा घालतच नव्हते. इथे आल्या आल्या काढून ठेवल्या होत्या.

मग तिने मागून येऊन मला मिठी मारली. माझ्यापेक्षा उंच झालीय आता. "सॉरी, आई," म्हणाली. "किती घाबरली असशील तू तेव्हा."

मी म्हटलं, "जाऊ दे गं, लहान होतीस." आणि तिला माफ केलं.