बॅटरीवरचं हळदकुंकू

स्वस्थ बसणं मला कधी जमलं नाही. लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले आणि जे. पी. नगरातल्या दोन खोल्यांमधलं एकुलतं एक कपाट मी महिन्याभरात सहा वेळा आवरलं, तेव्हा नवराच वैतागून म्हणाला, "तू नोकरी बघ बाई, नाहीतर मला माझे सदरे सापडायचे नाहीत." इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होताच. आनेकलच्या रस्त्याला एका शेडमध्ये विजेवर चालणारी मोटार तयार करण्याचा खटाटोप चालला होता, तिथे मला घेतलं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. विजेवरची मोटार म्हटलं की ओळखीचे लोक विचारायचे, "मग वायर किती लांब लावता?" आधी आधी मी समजावून सांगायचे. पुढे "इथून म्हैसूरपर्यंत" असं सांगून मोकळी व्हायला लागले.

मला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. दसरा झाला की दुसऱ्याच दिवशी, गाडीत पैसा घालू पाहणारे पाहुणे तिची चाचणी बघायला येणार होते, आणि ती पार पडली की मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते साहेब ठरवणार होते. बॅटरीच्या कामाला बाई टिकेल का, ही शंका त्यांनी माझ्या तोंडावर बोलून दाखवली होती. ती दिवसभर डोक्यात घोंघावत असायची. घरी पाठवलं तर पुन्हा तेच कपाट. मला ती नोकरी हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

मागच्या सीटखाली वीस बॅटऱ्या होत्या, सहा-सहा व्होल्टच्या, एकीला एक जोडलेल्या. एकटीदुकटी बॅटरी गरीब गाय. वीसजणी जोडल्या की एकशेवीस व्होल्ट होतात आणि माणसाला धरून ठेवतात. शिवाय त्यांतली एक जरी अशक्त निघाली तरी बाकीच्या एकोणीस तिच्यापायी लंगडतात. म्हणून रोज साठ कप्प्यांची झाकणं उघडून प्रत्येकात अ‍ॅसिडचा कस सांगणारा हायड्रोमीटर बुडवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. डिस्टिल्ड वॉटर घालायचं ते चार्जिंग पुरतं झाल्यावरच; आधी घातलं तर चार्ज होताना आतलं अ‍ॅसिड वर येऊन सांडतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅटऱ्यांची डोकी कोरडी ठेवायची. ओल राहिली की वीज तिच्यातून वाट काढते आणि गाडीच्या पत्र्यापर्यंत पोचते. काम करताना रबरी हातमोजे, वीज छातीतून जाऊ नये म्हणून डावा हात पाठीमागे, अंगावर धातू नाही. मी बांगड्या आणि मंगळसूत्र काढून डब्यात ठेवायचे. हे सासरी कधी कळू दिलं नाही.

जोडीला अण्णा होते. पन्नाशी उलटलेले, आनेकलकडे कैक पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. बंगळूरच्या शिवाजीनगरात लॉरीच्या बॅटऱ्या दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. तिथली रीत अशी की बॅटरीच्या दोन टोकांवर पाना टेकवायचा आणि ठिणगी बघून तिच्यात किती जीव उरलाय ते सांगायचं. अण्णा ते बिनचूक सांगत. आमच्या गाडीवर तो प्रयोग त्यांनी पहिल्याच दिवशी करायला घेतला, तेव्हा मी त्यांच्या हातातून पाना अक्षरशः हिसकावला.

"अक्का, बारा काय नि एकशेवीस काय. बॅटरी ती बॅटरीच की," ते म्हणाले.

"बारा व्होल्ट तुम्हाला चिमटा काढतील अण्णा. हे सोडणार नाहीत."

मग त्यांना हातमोजे घालायला लावण्यात माझे दोन महिने गेले. तेवढ्यात त्यांनीही मला पुष्कळ शिकवलं. कुठला कप्पा जास्त उकळतोय ते कानाने कसं ओळखायचं, कुठल्या बॅटरीचा वास बदललाय, हे मी त्यांच्याकडून घेतलं. बॅटऱ्यांवरच्या झाकणाला कुलूप असे आणि त्याची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. ती किल्ली माझ्याकडे आहे याचा मला भारी तोरा होता.

खंडेनवमी आली. तिकडे आयुधपूजा म्हणतात आणि आपल्यासारखं घरातल्या चार हत्यारांवर भागवत नाहीत. बसगाड्या, लेथ, वजनकाटे, सगळं धुऊन पुसून हळदकुंकू लावायचं, केळीचे खुंट बांधायचे, कोहळा फोडायचा, चाकांखाली लिंबं. शेडमध्ये सकाळपासून धांदल होती. गाडीची पूजा झाली, चुरमुरे वाटून झाले आणि लोक घरी निघाले, तेव्हा अण्णा माझ्या टेबलाशी आले.

"अक्का, पत्र्याला कुंकू लावलं. खरं इंजिन तर आत आहे. त्याची पण स्वल्प पूजा करू की."

त्या दिवशी सासूसासरे पुण्याहून यायचे होते आणि माझा एक पाय दाराबाहेर होता. खणातून किल्ली काढली, झाकण उघडून दिलं. "सरी, सरी. करा पूजा, पण लवकर आटपा," म्हणाले आणि बाहेर जाऊन पर्स आवरत उभी राहिले. पाच मिनिटांत अण्णा कपाळाला कुंकू लावून आले. मी आत न बघता झाकण लोटलं, कुलूप घातलं आणि बस गाठली. एरवी आकडा तीनदा पडताळून बघणारी मी, त्या दिवशी एकदाही वाकून पाहिलं नाही.

दसऱ्याचा दिवस मी घरात नुसती येरझाऱ्या घालत काढला. हळद कालवली असेल ती पाण्यात का? नारळ फोडला असेल? सासूबाईंनी दोनदा विचारलं, काही हरवलंय का. श्रीखंड वाढताना मी एकाच पानात दोनदा वाढलं.

चाचणीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोचले. झाकण उघडायच्या आधी मीटरची एक तार बॅटऱ्यांकडून बाहेर मोटारीकडे येणाऱ्या जाड तारेच्या टोकाला आणि दुसरी गाडीच्या पत्र्याला लावली. काटा जागचा हलायला नको होता. तो पार चाळीस व्होल्टच्या पुढे गेला. झाकण उघडलं. वीसच्या वीस बॅटऱ्यांवर ओल्या हळदकुंकवाची बोटं, सगळ्यांवर नारळाचं पाणी शिंपडलेलं, आणि दीड दिवस झाकण बंद राहिल्यामुळे काहीही वाळलं नव्हतं. चिकट ओघळ खालच्या लोखंडी ट्रेपर्यंत गेले होते. दाराला हात लावून उतरणाऱ्या पाहुण्याला आम्ही झटका देऊन निरोप दिला असता.

साहेब आले. मी सरळ सांगितलं, "गाडी आज चालवायची नाही." त्यांचा चेहरा उतरला. पाहुणे निम्म्या वाटेवर होते. झाकणाखालचं हळदकुंकू त्यांनी पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे कुणी केलं?"

"अण्णांनी पूजा केली," मी म्हणाले.

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त किल्ली कुणी काढली आणि "सरी" कोण म्हणालं, ते मी गिळलं.

पाहुण्यांना चहा पाजून परत पाठवलं. त्यांनी पुढच्या आठवड्याचा दिवस दिला. दुपारभर मी आणि अण्णा बॅटऱ्या एकेक सुट्या करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसत होतो. सोडा लागला की हळद लालभडक व्हायची आणि अ‍ॅसिडाच्या डागांवर फेस यायचा. मग साधं पाणी, मग कोरडं फडकं, मग टोकांना व्हॅसलीन. अण्णा फडकी पिळून देत होते. मी मान वर केली नाही. संध्याकाळी साहेबांनी त्यांना आत बोलावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून अण्णा शेडच्या पलीकडच्या टोकाला सीट शिवणाऱ्यांत बसू लागले. बॅटरीला त्यांनी पुन्हा हात लावायचा नाही, असं ठरलं होतं.

पुढच्या आठवड्यात गाडी चालली, छान चालली. पाहुणे खूश झाले. मला मात्र जेवण जाईना. खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. शेडच्या दोन टोकांत जेमतेम तीस पावलांचं अंतर होतं आणि ते माझ्याने कापवत नव्हतं. शेवटी एका सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसले आणि धडाधड सगळं सांगून टाकलं. झाकण मीच उघडून दिलं, परवानगी मी दिली, नंतर पाहिलं नाही.

साहेबांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. अण्णांनी त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं होतं, की अक्का घरी गेल्यावर मी खणातली किल्ली न विचारता घेतली. आता दोघांतलं खरं कोणाचं, याच्यात मला पडायचं नाही, असं साहेब म्हणाले. ऐन वेळी गाडी थांबवणारं माणूस त्यांना हवं होतं, ते मिळालं होतं. मला कायम केल्याचं पत्र टाइप होऊन त्यांच्या टेबलावर पडलं होतं. ते त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

ते पत्र तसंच हातात धरून मी सीट शिवणाऱ्यांकडे गेले. अण्णा रेक्झिनवर खडूने रेघ मारत होते.

"तुम्ही खोटं का सांगितलंत?" मी विचारलं. आवाज चढला होता. राग त्यांचा नव्हता.

त्यांनी रेघ पुरी केली. "विचारलं तर होतं की तुम्हाला. ते सांगितलं असतं तर तुम्हाला घरी धाडलं असतं. मला काय, इकडून तिकडे बसवणार. बसवलं."

"मी तुमचं नाव सांगितलं होतं, अण्णा."

"ठाऊक आहे. मी दारातच उभा होतो."